आडवं असताना पाणी नाही

तुर्भ्याच्या एका औषध कंपनीत मी तपासनीस होते आणि माझा स्वभाव त्या कामाला अगदी शोभणारा होता. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या. त्यांतली एकेक उचलायची, झाकण बघायचं, लेबल बघायचं, सील बघायचं, आणि जरा कुठे वावगं दिसलं की लाल चिठ्ठी डकवून बाजूला काढायची. दिवसभर 'नाही' म्हणण्याचा मला पगार मिळायचा. घरी आल्यावर तरी ती सवय कुठली सुटायला! भाजीवाल्याचे टोमॅटो, नवऱ्याने वाळत घातलेली चादर, शेजारणीने पाठवलेलं इडलीचं पीठ, सगळ्यांची तपासणी व्हायची. नवरा म्हणायचा, "तुझ्या पर्समध्ये कायम चिठ्ठ्यांचं पुडकं असतं." असेल. मला त्याची लाज नव्हती, उलट तोरा होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. चाळीतली खोली सोडून, खाडीवरचा पूल ओलांडून आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो होतो. दोन खोल्या, एक गॅलरी, समोर नुसती मोकळी जमीन, आणि वारा इतका खारा की खिडकीच्या गजांना सारखा गंज चढायचा. मला कंपनी जवळ पडायची. नवऱ्याला मात्र पहाटेची पहिली बस धरून मुंबईचं ऑफिस गाठावं लागायचं. घरात आम्ही दोघं आणि सासू-सासरे. चौघांचं छान चाललं होतं.

आणि एका सकाळी सासऱ्यांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तीन आठवडे इस्पितळात काढून त्यांना घरी आणलं तेव्हा डावा हात, डोळे आणि घशातून येणारा एक 'हं' एवढंच त्यांचं त्यांच्या ताब्यात होतं. निघताना तिथल्या मोठ्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "हे नीट ऐका. यांचा घसा अर्धा लुळा आहे. आडवं असताना घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही. बसवायचं, हनुवटी खाली घ्यायची, अर्धा चमचा द्यायचा, गिळलं की मग पुढचा. पातळ पदार्थ तर शक्यतो नकोच, पेज द्या. नाहीतर पोटात जायचं ते छातीत जाईल." मी ते तिथल्या तिथे कागदावर उतरवून घेतलं. अहो, लिहून घेणं हे तर माझं कामच होतं.

कंपनीतल्या साहेबांनी मला बिनपगारी रजा दिली, अडीच महिन्यांची. त्यानंतरच्या सोमवारी मी पट्ट्यासमोर दिसले नाही तर माझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, हेही सांगितलं, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. आमच्या खात्यात तपासनीस म्हणून घेतलेली मी पहिली बाई. ती जागा मला हवी होती, सरळच सांगते. आणि सासरेही मला तितकेच हवे होते. लग्न होऊन आले तेव्हा मला नोकरी करू द्या असं सासूबाईंना समजावणारे तेच होते. म्हणजे त्या सोमवारपर्यंत मला असं माणूस शोधायचं होतं की ज्याच्या हाती त्यांना सोपवून मी निर्धास्त घराबाहेर पडेन.

आज फोन केला की गणवेशातली बाई दारात येते, तिचं ओळखपत्र असतं, तिच्या कामाची यादी असते, तक्रार करायला वर कोणीतरी साहेब असतो. तेव्हा यातलं काही म्हणता काही नव्हतं. 'घरी माणसाचं करायला कोणी आहे का हो?' असं दूधवाल्यापासून डॉक्टरांच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना विचारत फिरायचं. जो येईल तो कसा आहे हे ठरवणार कोण? मी. मला तर हुरूपच आला. औषधाच्या बाटलीला नियम असतात, मग माणसाला सांभाळायला का नसावेत? मी फुलस्केप कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि नियम लिहून काढले. दर दोन तासांनी कूस बदलायची. अंघोळीचं पाणी आधी कोपराने तपासायचं. मेणकापडावर सुरकुती नको. बाथरूममध्ये ओली फरशी नको. आणि सगळ्यांत वर, लाल शाईने, 'आडवं असताना पाणी नाही.' तो कागद कपाटाच्या दारावर लावला आणि लांब उभी राहून मी त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

पहिला आला तो एक निवृत्त वॉर्डबॉय. त्याच्या तोंडाला बिडीचा वास आणि बोलण्यात नुसती मिजास. "बाई, असले कागद आपण खूप बघितलेत," असं म्हणाला आणि दुपारी खुर्चीत घोरायला लागला. संध्याकाळी त्याला लाल चिठ्ठी.

दुसरी आली दिघ्याची एक मुलगी. वीस-बावीसची असेल, नवरा कारखान्यात, हात हलका, बोलणं कमी. कागद तिने दोनदा वाचला. मला बरी वाटली. पण तिला येऊन दहा दिवस होतात न होतात तोच सासऱ्यांना ताप भरला, छाती घरघरायला लागली. डॉक्टर आले, इंजेक्शनं सुरू झाली. जाताना दाराशी ते मला म्हणाले, "काहीतरी छातीत जातंय यांच्या. या वेळी निभावलं. पुन्हा असा ताप आला तर मी शब्द देऊ शकत नाही."

मी त्या मुलीकडे वळले. ती रडत सांगत होती, "ताई, मी कधीच आडवं पाजलं नाही. सकाळी मी येते तेव्हाच ते खोकत असतात." माझं डोकं सटकलं होतं. घरातलं कोणी काही करत नाही, मग हे तुझ्यामुळे नाही तर कोणामुळे, असं मी तिला फाडकन बोलले आणि त्याच पावली परत पाठवलं.

मग महिनाभर मीच केलं सगळं. ताप पुन्हा आला नाही, पण सकाळचा खोकला काही गेला नाही. पहाटे सहाला आमच्याकडे नळाला पाणी यायचं, अर्धा-पाऊण तास काय ते. त्या वेळात मी स्वयंपाकघरात पिंपं, कळश्या, बादल्या भरत असायचे, आणि त्या पाण्याच्या आवाजातून बाहेरच्या खोलीतला खोकला ऐकू यायचा. मी म्हणायचे, कफ आहे, रात्रभर साठतो, सकाळी सुटतो. डॉक्टरांनाही तेच सांगायचे. रजेचे दिवस भराभर संपत होते.

शेवटचे दहा दिवस उरले असतील. आमच्या जिन्यात बोंबील-कोळंबी घेऊन येणारी एक बाई होती, खाडीकाठच्या जुन्या गावातली, पंचेचाळिशीची, उंच, काटक. मी सासऱ्यांना उशीला टेकवून बसवत होते, दार उघडं होतं. तिने पाटी खाली ठेवली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "ताई, असं नका बसवू. कंबरेखाली चादरीची घडी घाला, नायतर घसरतंन खाली. पाठ सोलटते त्यांची."

मला कोणी शिकवलेलं आवडत नाही, तरी मी घडी घातली. सासरे सरळ बसले, घसरले नाहीत.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"सासू चार वरसं खाटंवर व्हती माझी. पाठीला एक जखम नाय झाली, गावात इचारा कोनालाबी."

मी खरोखरच विचारलं. त्याच दुपारी चप्पल अडकवून तिच्या गावात गेले आणि तीन घरं सोडून राहणाऱ्या म्हातारीपासून देवळाच्या पायरीवर बसलेल्या बाप्यांपर्यंत सगळ्यांना विचारून आले. सगळे एकच बोलले. खाडीत आता पूर्वीसारखा मासा राहिला नव्हता, तिलाही एका जागचं काम हवंच होतं. मी परत आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. नवऱ्याला म्हटलं, "मिळाली!" तो म्हणाला, "कागद दाखवलास का?" मी म्हटलं, "कागद नंतर. आधी परीक्षा."

कंपनीत नवा माल आला की पहिली बाटली आम्ही स्वतः उघडून बघायचो. तसंच करायचं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, अंघोळ करून, केसांना तेल लावून, धुवट लुगड्यात. सासऱ्यांना आरामखुर्चीत बसवून मी त्यांच्या खाटेवर आडवी झाले आणि म्हटलं, "मावशी, मी पेशंट. उजवं अंग गेलंय माझं. आता माझं करा."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सासऱ्यांचे डोळेसुद्धा चमकले. पण मावशी हसली नाही. तिने आधी माझ्या कपाळावर हात ठेवला, म्हणाली, "बाबा, आता कूस बदलतंय हां," आणि मगच मला हलवलं. काय सांगू, मी काही हलकी नव्हते, पण एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली, आणि मी कधी वळले ते मला कळलंही नाही. मग बसवलं, हनुवटी खाली घेतली आणि पेजेचा चमचा ओठाशी आणून थांबली. मी गिळलं. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. घाटी वर जाऊन खाली आली तसा तिने पुढचा चमचा उचलला. वाटीभर पेज भरवायला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात तिने एकदाही दुसरीकडे बघितलं नाही. मला इतका आनंद झाला की उठून तिला मिठी मारावीशी वाटली.

मी उठले, पदर नीट केला आणि म्हटलं, "पास."

"आता मी झोपते," मावशी म्हणाली. "तुमी भरवा."

"मी कशाला?"

"मी सांजच्याला घरी जानार. मंग कोन भरवनार? तुमीच ना?"

बोलणं बरोबर होतं. ती आडवी झाली, मी तिला बसवलं, भरवायला लागले. तिसऱ्या चमच्याला तिने हाताने थांबवलं. "तुमी लय घाई करता ताई. तोंड उघडलं म्हंजे गिललं असं नाय." मी तपासनीस, आणि नापास! सासरे खुर्चीतून 'हं, हं' करून हसत होते. दीड महिन्यात ते पहिल्यांदाच हसले, म्हणून मला राग आला तरी तो गिळावा लागला.

मग मी तिला कपाटावरचा कागद वाचून दाखवला, कारण तिला वाचता येत नव्हतं. तिने प्रत्येक नियम एकदा ऐकला आणि पाठ म्हणून दाखवला. शेवटी म्हणाली, "ह्यो कागुद माझ्यासाठी हाय का सगल्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी," मी मोठ्या थाटात सांगितलं.

तो आठवडा कसा गेला सांगू! मी घरात असून नसल्यासारखी वागत होते, आणि मावशी एकेक गोष्ट दाखवत होती. बाथरूमच्या गुळगुळीत फरशीवर तिने गोणपाट अंथरलं. खिडकीच्या गजाला होडीचा जाड दोर बांधून त्याला गाठी मारल्या, म्हणजे सासऱ्यांना डाव्या हाताने धरून अंग उचलता येईल. पहिल्या दिवशी त्यांनी एक गाठ धरली, चौथ्या दिवशी तिसरी. कूस बदलायची वेळ तिला घड्याळाविना कळायची. उन्हाची तिरीप कपाटाच्या कुठल्या दारावर आली ते बघायची. मी हातात घड्याळ घेऊन ताडून पाहिलं. पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे, बस्स. सासूबाईंनी तिच्या चहासाठी वेगळा कप काढून ठेवला होता, तोही कान तुटलेला. ते मला दिसत होतं आणि मी काही बोलले नाही, हेही सांगायला हवं. सोमवार जवळ आला होता, मला घरात वाद नको होता.

एकच गोष्ट मला खुपत होती. मावशी रोज आली की सासऱ्यांच्या छातीला कान लावायची आणि मला विचारायची, "सकाली घरघर हाय. दुपारी नाय. मी यायच्या आधी कोन काय देतं यांना?"

"कोणी काही देत नाही," मी सांगायचे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तोडूनच बोलले, "मावशी, घरच्यांची तपासणी तुम्ही करायची नाही."

रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. सासूबाईंनी तो सासरे इस्पितळात असतानाच बोलून ठेवला होता. मुंबईहून नणंद, दीर, मामेसासरे, सगळे आले. केळीचे खांब, शिऱ्याचा वास, दोन खोल्यांत तीस माणसं. मी नवी साडी नेसून मिरवत होते. उद्या कामावर! कोणी विचारो न विचारो, मी प्रत्येकाला मावशीचं कौतुक सांगत होते. मावशीला मी मुद्दाम बोलावलं होतं. ती सासऱ्यांच्या खाटेशी खाली बसली होती. सकाळपासूनच्या गडबडीने ते थकले होते, आरती झाल्यावर तिने त्यांना आडवं केलं होतं.

गुरुजींनी तीर्थ द्यायला सुरुवात केली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी त्यांना दे." मी पंचपात्र आणि पळी घेतली, माणसांतून वाट काढत खाटेशी गेले, वाकले आणि सगळ्यांच्या देखत पळी त्यांच्या ओठांना लावली.

मावशीचा हात मधे आला. पळी उडाली, तीर्थ उशीवर सांडलं.

मामेसासरे म्हणाले, "हे काय? देवाचं तीर्थ सांडलं?" नणंद म्हणाली, "वहिनी, असली कसली बाई ठेवलीत?" आणि मी, जी मघापासून तिचे गोडवे गात होते, लाजेने लालबुंद होऊन तिच्यावरच खेकसले, "मावशी, कळतं का तुम्हाला? बाजूला व्हा!"

ती बाजूला झाली नाही. "बसवल्याबिगर पानी नाय," ती म्हणाली. "तुमीच सांगितलंय."

"ते पाणी नाही," सासूबाई म्हणाल्या, "तीर्थ आहे ते."

"घशाला काय ठाव, आई? घशाला सगलं पानीच."

सासूबाईंचा तोल सुटला. आयुष्यात कधी मी त्यांचा एवढा चढा आवाज ऐकला नव्हता. "तू मला शिकवतेस? अगं, दोन महिने रोज मी माझ्या हाताने त्यांना तीर्थ देते. रोज, पूजा झाली की. कधी काही झालं नाही!"

मावशीने हळू आवाजात विचारलं, "कवा करता पूजा, आई?"

"पहाटे. सहाला."

पुढे कोणाला काही बोलावंच लागलं नाही. सहाला मी नळाशी. सहाला त्यांचा खोकला. मी तिथेच खाटेच्या कडेवर बसले. दोन महिने मी त्या खोकल्याचा आवाज ऐकत होते आणि उठून एकदा बाहेर डोकावले नव्हते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला मी कोपरापासून गळ्यापर्यंत तपासलं होतं. घरातल्या माणसाला एका शब्दाने विचारलं नव्हतं, तो कागदही सासूबाईंना कधी वाचून दाखवला नव्हता. आणि आत्ता मी स्वतः, माझ्याच लाल शाईतल्या नियमाखाली उभी राहून, काय करत होते? मलाही ते पाणी वाटलंच नव्हतं.

दिघ्याची ती मुलगी तर मला सांगूनच गेली होती. पुढच्याच आठवड्यात मी तिचं घर शोधत गेले. तिने आत बोलावलं, चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं झालं कळलं. मला रात्री झोप लागत नव्हती, वाटायचं माझ्याच हातून काही झालं असेल." मी माफी मागितली, ती तिने दिली, तरी ते ओझं काही माझ्या मनावरून उतरलं नाही. आजही कोणी कामाच्या बाईवर आवाज चढवलेला ऐकला की मला तिचं ते छोटंसं घर आठवतं.

त्या रविवारी पाहुणे लवकर निघून गेले. सासूबाई देवघरापाशी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी जवळ गेले तर पुटपुटत होत्या, "म्हणजे मीच? तो ताप माझ्याच हाताने दिला मी त्यांना?" मावशी आली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. शिवली नाही, जरासं अंतर ठेवून. म्हणाली, "आई, तुमी द्यायचं सोडू नका. त्यांनला हवं असंल ते. मी उद्या लवकर येते."

रात्रभर मला झोप नाही. एकदा वाटायचं, जाऊ नये, नोकरी गेली तर गेली. एकदा वाटायचं, आता तर कारण कळलंय, आता नाही तर कधी जायचं? साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती, तिच्याकडे बघत मी पहाट केली.

सहाला नळ आला. मी तो उघडला, खाली बादली सरकवली आणि मग, दोन महिन्यांत पहिल्यांदा, सगळं तसंच टाकून बाहेरच्या खोलीत गेले. मावशी आलेली होती. सासऱ्यांना तिने बसवलं होतं, कंबरेखाली घडी, पाठीला उशी. सासूबाईंची पूजा झाली होती. त्या पंचपात्र हातात घेऊन खाटेपासून दोन हात लांब उभ्या होत्या, आणि पुढे येत नव्हत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने नाही होणार. माझ्या हाताने नको आता."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग डावा हात उचलून त्यांनी आपल्या मेलेल्या उजव्या हाताला धरलं आणि वर ओढायला लागले. आम्हाला आधी कळेना, ते काय करताहेत. तीर्थ उजव्या हातावर घ्यायचं असतं. दोन महिने कोणी त्यांच्या हातावर दिलंच नव्हतं, नुसतं तोंडात ओतलं होतं. तो हात अर्ध्यावर आला आणि पडायला लागला. मावशीने तो खालून धरला. त्यांची बोटं उघडत नव्हती, ती एकेक करून तिने उघडली, तळव्याची खोलगट ओंजळ केली, आणि आपला तळवा त्याखाली ठेवून म्हणाली, "घाला आई. थोडंच घाला."

सासूबाई पुढे आल्या. एका हातावर दुसरा हात, खाली कोळणीचा, वर त्यांच्या नवऱ्याचा. क्षणभर त्या त्या दोन हातांकडे बघत राहिल्या आणि मग पळी तिरकी केली. दोन थेंब पडले. मावशीने तो हात त्यांच्या तोंडाशी नेला, दुसऱ्या हाताने हनुवटी खाली घेतली. सासऱ्यांनी ओठ लावले.

आम्ही तिघीही त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. घाटी वर गेली. खाली आली. स्वयंपाकघरात बादली भरून वाहायला लागली होती, ते पाणी ऐकू येत होतं, आणि दुसरं काहीही ऐकू येत नव्हतं. मी मनात आकडे मोजत होते, वीस, तीस, चाळीस. खोकला आला नाही.

"हं," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी हातातलं पंचपात्र खाली ठेवलं, दोन्ही हातांनी मावशीचा तो ओला तळवा धरला आणि आपल्या कपाळाला लावला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्याच वेळी मला हसूही येत होतं. मी नळ बंद केला, साडी नेसले आणि कामावर गेले.